इयत्ता आठवी, विषय आवाज

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे फर्मे पुसणं. दुपारची जेवणं झाल्यावर, अंगणात, तिची जुनी साडी अंथरून. त्यात सांगण्यासारखं काही न्हाई. पण घरी येणारे लोक विचारतात, शेवटी काही बोलली का, काही सांगून गेली का. म्हणून लिहून ठेवतो. मी चौथी शिकलेला माणूस आहे. शुद्धलेखन बघायचं असेल त्यानं पुढं वाचू नये.

फर्मा म्हणजे मापात कापलेला पत्र्याचा तुकडा. सळईच्या मिलमध्ये मोठे लोखंडी रोल असतात. रोलला खाचा असतात आणि त्या खाचांमधून लाल सळई पळते. खाच झिजली का न्हाई हे बघायला फर्मा खाचेत धरायचा. कडेनं उजेड दिसला की रोल बदलायचा. एवढीच अक्कल लागते. जालन्याच्या एमआयडीसीत मी तीस-पस्तीस वर्षं मिस्तरी होतो. हे फर्मे माझ्या हातचे. मिल सोडली तेव्हा जुने फर्मे पत्र्याच्या पेटीत घालून घरी आणले. भंगारात टाकवले न्हाईत.

ते पुसायची वेळ आली एका फोनमुळं. फोन साहेबाचा. हा साहेब कॉलेजातून नवीन निघून आमच्याच मिलला इंजिनिअर म्हणून लागला होता. लाल सळईपासून किती लांब उभं राहायचं, हे त्याला मी शिकवलं. पुढं त्यानं नोकरी सोडली आणि स्वतःची कंपनी काढली. कंपनी म्हणजे दोन खोल्या आणि चार-पाच माणसं. ते लोक सळई बनवत न्हाईत. दुसऱ्याच्या मिलमध्ये जायचं, काय बिघडलंय आणि काय सुधारायचं ते सांगायचं. सल्ला विकायचा. मी रिटायर झालो तेव्हा त्यानं मलाही बोलावून घेतलं. मला तो मामा म्हणतो आणि तिला मामी म्हणायचा.

फोनवर तो म्हणाला, "मामा, पुण्याहून एक मॅडम येणार आहेत. आपल्या स्टॉकचं व्हॅल्युएशन करायचंय. तुमच्याकडं जे काय आहे ते काढून ठेवा."

मिलमध्ये स्टॉक म्हणजे गोडाऊनमधला माल. मार्च आला की आम्ही सळया मोजायचो, भंगाराचा ढीग मोजायचो, हातोड्यासुद्धा मोजायचो. तेच माझ्या डोक्यात. फोन ठेवला आणि तिला सांगितलं, "स्टॉक मोजायला बाई येणार हाय."

"आपल्याकडं कसला आलाय स्टॉक? तुम्ही अन् मी."

"फर्मे हायेत की."

"मंग ते पुसावे लागतील. गंजलेला माल पाहून बाई काय भाव देईल?"

अशी पेटी बाहेर निघाली. रेशनचं रॉकेल बंद होऊन जमाना झाला, म्हणून शेजारच्या टेम्पोवाल्याकडून बाटलीभर डिझेल आणलं. ती माझ्या उजव्या हाताला बसली. कायमच उजव्या हाताला बसायची, कारण माझा डावा कान मिलमध्येच गेला. उजवाही अर्धाच राहिलाय. मी डिझेलच्या फडक्यानं फर्मा पुसायचो, ती कोरड्यानं पुसून साडीवर रांगेत मांडायची. मोठे इकडं, बारके तिकडं. लग्नातली भांडी मांडतात तसे.

पेटीच्या तळाला एक जाड कागद निघाला, लाल शिक्क्याचा. तिनं उचलला.

"हे काय?"

"साहेबानं दिलेला कागद हाय. सुरुवातीला पगाराला पैसे नव्हते, तर म्हणला शेअर घ्या. ठेव बाजूला."

तिनं तो त्याच फडक्यानं पुसला. शिक्क्यावर डिझेलचा डाग पडला. "आता कसा चमकला," म्हणाली.

खरा स्टॉक तोच कागद होता. आम्हाला काय माहिती. इंग्रजीत शेअरलाही स्टॉक म्हणतात, हे मला नंतर कळलं. तो कागद आम्ही बाजूला टाकला आणि ऊन उतरेपर्यंत पत्रे पुसत बसलो.

मंग तिनं विचारलं, "अन् वह्या? त्या काढायच्या का न्हाई?"

वह्यांचं सांगायला पाहिजे, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे.

मिलनं आम्हाला राहायला खोली दिली होती. स्वयंपाकघराची भिंत आणि मिलची भिंत एकच. स्टँड म्हणजे ज्या सांगाड्यात रोल बसवलेले असतात तो. तीन नंबरचा स्टँड बराबर तिच्या चुलीच्या पाठीमागं होता. मी वाटूर फाट्याच्या पुढचा, ती टेंभुर्णीकडची. दोघंही रानातली माणसं. पहिल्या महिन्यात तिला त्या आवाजानं झोप येईना, तोंडाला चव राहीना. मंग सवय झाली. आणि सवय झाल्यावर एक दिवस मी डबा धुवायला टाकत होतो, तर म्हणाली, "तुमचा तिसरा आज घोगरा बोलून राह्यलाय."

मी हसण्यावारी नेलं. दोन दिवसांनी तीन नंबरचं बेअरिंग जाम झालं.

त्यानंतर ती सांगत गेली. आणि सांगून मी विसरतो म्हणून लिहीत गेली. ती सातवी शिकलेली होती. शेतात माणूस कमी पडला म्हणून बापानं शाळेतून काढली, न्हाईतर पुढं शिकली असती. तिचं अक्षर मोत्यासारखं वगैरे नव्हतं, पण सरळ होतं. डाव्या बाजूला तारीख, मधी आवाज, उजव्या बाजूला पुढं काय झालं ते. आवाजाला नावं तिचीच. घोगरा म्हणजे बेअरिंगला ग्रीस न्हाई. खाकरा म्हणजे गिअरचा दात झिजला. ताटली म्हणजे कुठंतरी बोल्ट ढिला झालाय. आणि एक होता मुका. आवाज यायला पाहिजे तिथं येत न्हाई, त्याला ती मुका म्हणायची. मुका सगळ्यात वाईट, असं तिनं दोनदा लिहून ठेवलंय. अशा तीन वह्या भरल्या.

आता माझं सांगतो. साहेब नवीन होता तेव्हा त्यानं मला विचारलं, "मिस्तरी, बेअरिंग जाणार हे तुम्हाला आधीच कसं कळतं?" मी म्हणालो, आवाजावरून. खोटं न्हाई बोललो. कुणाच्या कानानं, ते त्यानं विचारलं न्हाई आणि मी सांगितलं न्हाई. बायको भिंतीआडून सांगते असं मिलमध्ये बोललो असतो तर हमालांनीसुद्धा टिंगल केली असती. तेव्हा हे कारण होतं. पुढं कारण राहिलं न्हाई, तरी मी गप्पच राहिलो. सगळे म्हणायला लागले, मामांचा कान. मला ते गोड लागायला लागलं.

साहेबानं कंपनी काढली तेव्हा या वह्यांचे फोटो काढून नेले आणि त्यावरून एक डबी तयार केली. डबी स्टँडला चिकटवायची. ती आवाज ऐकते आणि बिघाड दिसला की मिलवाल्याच्या मोबाइलवर शब्द पाठवते. शब्द तेच ठेवले, कारण कामगारांना समजतात. आज जालन्यातल्या कितीतरी मिलमध्ये फोनवर 'घोगरा' येतं. त्या डबीवरच कंपनी चालते. डबीला एखादा आवाज ओळखता आला न्हाई, तर साहेब मला त्या मिलमध्ये उभा करायचा. मी स्टँडला हात लावून मान हलवायचो, मोबाइलवर आवाज भरून घ्यायचो आणि म्हणायचो, घरी निवांत ऐकून सांगतो. घरी ती भाकरी थापता थापता ऐकायची. फोन पिठाच्या डब्याला टेकवलेला. भाकरी उलटायच्या आत निकाल द्यायची.

मला ती घरात 'कान' म्हणायची. "चला कान, जेवायला." "कानाला आज मिलवाल्यांनी चहा दिला का?" राग नसायचा त्यात. पण नुसती मजा होती असंही न्हाई.

तर त्या दुपारी शेवटचा फर्मा रांगेत ठेवून ती म्हणाली, "त्या बाईला एवढं सांगा. पत्रे तुमचे, आवाज माझा."

"सांगू की."

"सांगू की म्हंजे न्हाई सांगणार. एवढ्या वर्षांत मला ते कळंना का?"

"अगं, बाई येऊ दे तर. आली की सांगतो."

"बघू," म्हणाली. मंग गुडघ्यावर हात देऊन उठली. फर्मे तसेच अंगणात राहू द्या म्हणाली, डिझेल सुकू द्या. आणि चुलत बहिणीच्या नातवाच्या बारशाला काय न्यायचं ते बोलायला लागली. बस. एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चहाचं आधण ठेवलं आणि भिंतीला टेकून बसली. चहा उतू गेला. मला आवाज आला न्हाई, वास आला. जाऊन पाहिलं तर मान एका बाजूला. शेजाऱ्याच्या टेम्पोतूनच दवाखान्यात नेली. डॉक्टरनं नाडी धरली आणि लगेच सोडली.

त्या गर्दीत बसायला जागा पाहिजे म्हणून कुणीतरी साडीची चारी टोकं बांधून फर्म्यांचं बोचकं केलं आणि न्हाणीच्या भिंतीला लावून ठेवलं. लेक आली, जलदानविधी झाला, वंदना झाली, लेक तिच्या घरी गेली. बोचकं तिथंच होतं. मी येता-जाता बघायचो.

साहेब सगळ्या दिवसांत येत होता. मॅडमचं येणं त्यानं पुढं ढकललं होतं. एक दिवस हळूच म्हणाला, "मामा, आता थांबवता येत नाही. पुण्याची मोठी कंपनी आपल्यात पैसा घालणार आहे. शेअरची किंमत ठरल्याशिवाय ते पुढं सरकत नाहीत. तासभर या. वह्या अन् तो कागद घेऊन या."

गेलो. मॅडम साहेबाच्या ऑफिसात बसल्या होत्या, माझ्या लेकीपेक्षा लहान. समोर कॉम्प्युटर, बाजूला पाण्याची बाटली. मी म्हणालो, "स्टॉक घरी हाय, बोचक्यात." त्यांना कळेना. साहेबाला कळलं. त्यानं डोळ्यावर हात धरला. मंग मॅडमनी मला नीट समजावून सांगितलं. हसल्या न्हाईत, हे मी लक्षात ठेवलंय. डिझेलच्या डागाचा कागद हातात घेऊन म्हणाल्या, "काका, स्टॉक म्हणजे हा. याची किंमत काढायची आहे."

"कशावरून काढता? इथं तर खुर्च्या हायेत नुसत्या."

"तेच अवघड आहे. तुमच्या कंपनीत मोजण्यासारखं सामान नाही. मग पाहायचं, पुढे काम किती येईल. काम येतं डबीमुळे. डबी झाली या वह्यांमुळे. आणि वह्या झाल्या तुमच्या कानामुळे. म्हणजे सगळं एका माणसावर उभं आहे. आम्हाला विचारावं लागतं, उद्या तो माणूस नसला तर? त्या हिशेबानं भाव थोडा कमी धरतात. वाईट वाटून घेऊ नका."

साहेबानं एक कागद पुढं सरकवला. "इथं सही करा मामा. वाचून दाखवतो." वाचलं. त्यात होतं, या वह्यांमधील सर्व नोंदी मी स्वतः केल्या असून त्यांवरील सर्व हक्क कंपनीस देत आहे.

पेन हातात घेतलं. कंपनी माझीच आहे असं मी समजतो. साहेबाचं नुकसान व्हावं असं मला कधी वाटलं न्हाई. सही करून घरी गेलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. जिला कळलं असतं ती न्हाई.

मी म्हणालो, "स्वतः न्हाई केल्या."

"अक्षर मामींचं आहे, मला माहीत आहे," साहेब म्हणाला. "तुम्ही सांगायचे, त्या लिहायच्या. चालतं तसं."

"उलटं हाय. ती सांगायची."

"काय सांगायच्या?"

"सगळं. घोगरा तिचा. खाकरा तिचा. मला डाव्या कानानं बिलकुल ऐकू येत न्हाई. तू त्या बाजूनं बोललास की मी नुसती मान हलवतो. आजपर्यंत तुझ्या ध्यानात आलं न्हाई."

साहेब उठून माझ्या डाव्या बाजूला आला. काहीतरी बोलला असेल. मी समोर बघत राहिलो. मंग तो परत खुर्चीत येऊन बसला.

"मग मी एवढ्या मिलमध्ये तुम्हाला उभं केलं ते काय होतं?"

"उभा राह्यलो."

"आणि ते रेकॉर्डिंग घरी नेऊन..."

"तिला ऐकवायचो."

 तो चिडून म्हणाला, "मामा, हे आधी सांगायचं होतं ना. दहा वेळा बसलोय आपण."

"आधी सांगितलं असतं तर तू तिला बोलावलं असतं. मला कशाला बोलावलं असतं?"

त्यानं सहीचा कागद स्वतःकडं ओढून घेतला.   

मॅडमनी तोपर्यंत पहिली वही बंद करून पालथी-उताणी करून पाहिली. वहीला ब्राऊन पेपरचं कव्हर होतं आणि त्यावर शाळेच्या वहीला लावतात ती पट्टी. साहेबानं फोटो काढले ते आतल्या पानांचे. कव्हर कुणी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं. माझ्या घरात, माझ्या पेटीशेजारी एवढी वर्षं ठेवलेली वही, आणि मी कधी तिचं कव्हर वाचलं न्हाई.

मॅडमनी मोठ्यानं वाचलं. नाव. तिचं शाळेतलं नाव, बापाच्या आडनावासकट. मी तिला कधी नावानं हाक मारली न्हाई, आमच्यात मारत न्हाईत. ते नाव दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकून किती वर्षं झाली असतील, आठवलं न्हाई. मंग वाचलं, इयत्ता आठवी. विषय आवाज.

"या आठवीत होत्या का तेव्हा?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई. सातवीतून काढली होती. आठवी तिची राहून गेली होती."

मॅडमनी वही खाली ठेवली. मंग त्यांच्या कामाचं बोलल्या, आणि ते बराबर होतं. म्हणाल्या, नोंदी काकूंच्या असतील तर हक्क त्यांच्या वारसांचा. तुमची सही लागेल, मुलीची लागेल. रिपोर्टात मला हे लिहावं लागेल. आणि ज्या व्यक्तीवर सगळं उभं होतं ती आता नाही, हेही लिहावं लागेल. भाव उतरेल.

"किती उतरेल?" साहेबानं विचारलं.

"ते बसून काढावं लागेल. पण उतरेल."

साहेब खिडकीशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं आता म्हणेल, मामा, राहू द्या, कशाला वाढवता, सही करा. म्हणाला असता तर मी काय केलं असतं, हे छातीवर हात ठेवून सांगू शकत न्हाई. थकलो होतो मी. पण तेवढ्यात त्याचा फोन टेबलावर थरथरला. त्यानं येऊन बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली. कुठल्यातरी मिलमधून शब्द आल्ता. घोगरा.

त्यानं मिलवाल्याला फोन लावला, दोन नंबरचा स्टँड थांबवा म्हणून सांगितलं. फोन ठेवला. मंग मॅडमला म्हणाला, "लिहा. जसं आहे तसं लिहा. मामींचं नाव वहीवर आहे तसंच घाला. सासरचं नको."

कागद पुन्हा छापून आला. 'मी स्वतः' गेलं, 'माझ्या पत्नीने' आलं. मी सही केली. माझी सही म्हणजे चार अक्षरं, त्यातलं एक कायम वाकडं. लेकीची सही राहिली आहे. पुण्याचे लोक काय म्हणतात ते अजून कळलं न्हाई. साहेब त्या दिवशी मला गाडीवरून घरी सोडायला आला. वाटेत काही बोलला न्हाई, किंवा बोलला असेल, डाव्या अंगाला. उतरताना म्हणाला, "वह्या घरीच ठेवा मामा. मला फोटो बास आहेत."

लोक विचारतात, सांगितल्यावर हलकं वाटलं का. न्हाई वाटलं. तिच्या देखत सांगायला पाहिजे होतं. एक दुपार आधी सांगता आलं असतं. साहेबाला फोन लावायचा होता, तिच्या हातात द्यायचा होता, पाच मिनिटांचं काम. मी म्हणालो, बाई येऊ दे.

सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीजवळचं बोचकं सोडलं. दव आणि न्हाणीची ओल लागून फर्म्यांना गंज धरला होता. बोचक्याच्या मधल्या फर्म्यांना कमी, भिंतीकडच्यांना जास्त. बाटलीत थोडं डिझेल उरलं होतं. एकेक पुसला. दोन्ही फडकी माझ्याच हातात, म्हणून वेळ लागला. मोठे इकडं, बारके तिकडं लावून पेटीत भरले आणि वरती वह्या ठेवल्या, पट्टीची बाजू वर करून. मंग साडी धुवायला घेतली. डिझेलचा वास जाईना. तशीच पिळली आणि वाळत घातली.